शोधनिबंधातले संदर्भ: पत्ता नीट कसा लिहायचा?

(पनवेल येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा सूर शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

 

आजचा विषय फलकावर वाचून मघाशी चहाच्या वेळी एकांनी मला विचारलं, "सर, स्वल्पविराम आणि पूर्णविराम यांवर तुम्ही तासभर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. म्हणून मी स्वल्पविरामापासून सुरुवात करत नाही. माझ्या स्वतःच्या एका फजितीपासून करतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी पनवेल बंदराच्या जुन्या व्यापारावर एक निबंध लिहिला आणि एका संशोधनपत्रिकेकडे पाठवला. त्यात एकोणिसाव्या शतकातल्या पनवेलचं वर्णन होतं आणि खाली ऐटीत तळटीप होती: 'रायगड जिल्हा गॅझेटियर, १८८३'. दोन महिन्यांनी निबंध परत आला. समीक्षकांनी त्या तळटिपेला लाल खूण करून शेजारी एवढंच लिहिलं होतं, की या नावाचं पुस्तक नाही. १८८३ चा कुलाब्याचा खंड पाहिला, त्यात पनवेल तालुक्याचं वर्णन नाही. आपण नेमकं काय वाचलंत?

मी काय वाचलं होतं? खरं सांगतो, काहीच नाही. दुसऱ्या एका लेखातली तळटीप उचलली होती. तिथे 'कुलाबा' होतं, त्याचं मी आपल्या मनाने 'रायगड' केलं. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं १९८१ साली. म्हणजे जे नाव जन्मालाही आलं नव्हतं, त्या नावाचं पुस्तक मी शंभर वर्षं मागे नेऊन ठेवलं होतं.

मग ग्रंथालयात जाऊन बसलो, तेव्हा खरा प्रकार कळला. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या 'गॅझेटियर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी'मध्ये कुलाबा आणि जंजिरा यांचा अकरावा खंड १८८३ चा आहे. पण त्या मालेची माहिती गोळा झाली तेव्हा पनवेल ठाणे जिल्ह्यात होतं. त्यामुळे आपलं पनवेल सापडतं ठाण्याच्या खंडांत. तेरावा खंड दोन भागांत आहे, चौदाव्यात ठिकाणांची वर्णनं आहेत, आणि दोन्हींचं साल १८८२. पुढे पनवेल कुलाब्यात आलं, आणि स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्र शासनाने १९६४ साली कुलाबा जिल्ह्याचं जे सुधारित गॅझेटियर काढलं त्यात पनवेल आहे. आता बघा, एकाच गावासाठी तीन वेगळी पुस्तकं, दोन जिल्हे आणि ऐंशी वर्षांचं अंतर. 'गॅझेटियरमध्ये म्हटलं आहे' एवढ्याने वाचकाने कुठे जायचं?

संदर्भनोंद म्हणजे पत्ता आहे, एवढं आज लक्षात ठेवलंत तरी पुरे. आपल्याला मिळालेली गोष्ट वाचकालाही त्याच ठिकाणी मिळावी म्हणून आपण पत्ता देतो. ग्रंथालयशास्त्राचे आपले थोर आचार्य एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याचं आहे. स्वल्पविराम, कंस, तिरपा ठसा हे सगळं त्या वेळेसाठी आहे.

पत्त्याचे चार भाग

कोणत्याही नोंदीत चार प्रश्नांची उत्तरं असतात: कोणी लिहिलं, कधी, काय लिहिलं आणि ते कुठे मिळेल. शैली कोणतीही असो, हे चार प्रश्न बदलत नाहीत. त्यांचा क्रम बदलतो, विरामचिन्हं बदलतात.

एक उदाहरण घेऊ. महामहोपाध्याय पां. वा. काणे आपल्या कोकणातले. त्यांचा धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत आहे आणि त्यातल्या काही खंडांचे पुन्हा भाग पडतात. दुसरा खंड १९४१ साली निघाला.

ए.पी.ए. ही मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजशास्त्र अशा विषयांत चालणारी शैली. तिची सध्याची सातवी आवृत्ती २०१९ ची. तीत आपण असं लिहू: काणे, पां. वा. (१९४१). हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र (खंड २, भाग १). भांडारकर ओरिएंटल रिसर्च इन्स्टिट्यूट. प्रकाशनाचं गाव या आवृत्तीत द्यायचं नाही. निबंधाच्या मजकुरात फक्त (काणे, १९४१, पृ. ११२) असं येईल, पान मी उदाहरणादाखल घेतलं आहे.

इतिहासवाल्यांना प्रिय असलेल्या शिकागो शैलीच्या सूचीत तीच नोंद अशी होईल: काणे, पांडुरंग वामन. हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र. खंड २, भाग १. भांडारकर ओरिएंटल रिसर्च इन्स्टिट्यूट, १९४१. इथे पूर्ण नाव आलं आणि साल शेवटी गेलं.

वैद्यकशास्त्रात व्हँकूव्हर शैली चालते. १९७८ साली वैद्यकीय पत्रिकांचे संपादक कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात जमले, त्यावरून हे नाव पडलं. तिच्यात मजकुरात फक्त आकडा येतो, आणि सूची अकारविल्हे न लावता मजकुरात उल्लेख ज्या क्रमाने आले त्या क्रमाने लावतात. आद्याक्षरांनंतर टिंब नाही: काणे पां वा.

लेखक आणि साल कंसात देण्याच्या पद्धतीची गंमत सांगतो. तिचा उगम बहुतेक वेळा हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांच्या १८८१ च्या निबंधात दाखवतात, आणि तो निबंध होता गोगलगायीच्या जातीतल्या एका प्राण्यावर. तेव्हा कर्नाळ्याच्या पक्ष्यांवर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही पद्धत परकी समजू नये. ती तुमच्याच खात्यातून आली आहे.

कोणती शैली चांगली, हा वाद घालत बसू नका. ज्या पत्रिकेकडे निबंध पाठवायचा आहे तिच्या लेखकांसाठीच्या सूचना आधी वाचा, आणि तिच्या ताज्या अंकातले दोन निबंध समोर ठेवून त्यांच्या सूच्या बारकाईने बघा. सूचनांत जे स्पष्ट होत नाही ते त्या सूच्यांत दिसतं.

आपल्या नावांची अडचण

आता खरी पंचाईत. या सगळ्या शैली परदेशात तयार झाल्या. तिथे नाव दोन तुकड्यांचं, शेवटचा तुकडा आडनाव. आपल्याकडे कुठे असं सरळ असतं?

संत घ्या. एका प्रबंधाच्या सूचीत मी 'महाराज, ज्ञा.' अशी नोंद पाहिली आहे. हसू नका, संगणकाने केलेली आहे. संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला 'ज्ञानेश्वर महाराज' दिलं की ते शेवटचा शब्द आडनाव समजतं. ज्यांना आडनाव नाही त्यांचं नाव अखंड ठेवायचं: ज्ञानेश्वर. तुकाराम. उपाधी सूचीत येत नाही.

पुढचा प्रश्न, कोणती प्रत? ज्ञानेश्वरीचा उल्लेख अध्याय आणि ओवी देऊन करतात, ते बरोबरच आहे. पण राजवाड्यांनी १९०९ साली संपादित केलेली प्रत आणि पारायणात वापरली जाणारी साखरे महाराजांची प्रत यांत पाठ वेगळे आहेत. गाथेतही अभंगाचा क्रमांक प्रतीप्रमाणे बदलतो. म्हणून नुसता क्रमांक देऊन भागत नाही. संपादक आणि आवृत्तीचं साल दिलंत, तरच दुसऱ्याला तो अभंग सापडेल.

मग टोपणनावं. 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली आलं, मुखपृष्ठावर नाव विभावरी शिरूरकर. लेखिका त्या वेळच्या बाळूताई खरे, नंतरच्या मालतीबाई बेडेकर. एका बाईंची तीन नावं. सूचीत कोणतं? पुस्तकावर जे छापलंय ते आधी, आणि खरं नाव शेजारी चौकटी कंसात: शिरूरकर, विभावरी [मालतीबाई बेडेकर]. तुम्ही मनानेच 'बेडेकर' लिहिलंत तर ग्रंथालयात पुस्तक मागणारा वाचक चुकीच्या कप्प्यात शोधत बसेल. दोन ठिकाणी दोन नावं दिलीत, तर एकाच लेखिकेच्या दोन लेखिका होतील.

समोर बसलेल्या मुलींना यातून एक सांगणं आहे. पहिला निबंध प्रसिद्ध करतानाच ठरवा, तुम्ही कोणत्या नावाने लिहिणार. लग्नानंतर नाव बदलायचं की नाही, हा सर्वस्वी तुमचा प्रश्न. पण छापील नाव बदललं की तुमचं जुनं काम तुमच्या नावावर दिसेनासं होतं. यासाठी 'ऑर्किड' नावाचा सोळा अंकी ओळखक्रमांक २०१२ पासून मोफत मिळतो. तो नावाला नाही, माणसाला चिकटलेला असतो. आजच काढून ठेवा. मुलांनीही काढा, 'एस. पाटील' या नावाने किती जण लिहितात हे शोधून बघा एकदा.

हीच गोष्ट संस्थांची. पनवेल महानगरपालिका झाली २०१६ साली. त्याआधीच्या अहवालाचा लेखक 'पनवेल नगरपरिषद' आहे, आज पाटीवर काहीही असो. कागद निघाला तेव्हाचं नाव द्यायचं. माझ्या रायगड-कुलाब्याची चूक हीच होती.

शके, तत्रैव आणि इतर मंडळी

जुन्या मराठी पुस्तकांवर शके असतं. शक वर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पण वर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे जानेवारीपासूनच्या महिन्यांना ७९ मिळवावे लागतात. पुस्तकावर महिना नसेल तर शके १८२० म्हणजे १८९८-९९ असं दोन्ही लिहा. छापलेलं शके गाळू नका. ते पुराव्याचा भाग आहे.

इतिहासाच्या निबंधांत 'तत्रैव' आणि 'उपरोक्त' फार लाडके शब्द आहेत. तत्रैव म्हणजे 'वरच्याच ठिकाणी'. पण मार्गदर्शकांनी मध्ये एक तळटीप घालायला सांगितली, की खालचे सगळे तत्रैव भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवायला लागतात. शिकागोच्या नियमपुस्तिकेनेही २०१७ च्या आवृत्तीपासून लेखकाचं आडनाव, छोटं शीर्षक आणि पान द्यायला सांगितलं आहे. तेच करा. चार अक्षरं जास्त पडतील, पण तळटीप कुठेही हलली तरी खरी राहील.

मराठी विश्वकोशाचा संदर्भ देताना पुष्कळ जण नुसतं 'विश्वकोश' लिहितात. नोंदीच्या शेवटी लेखकाचं नाव असतं, ते बघा. ज्या अभ्यासकाने ती नोंद लिहिली त्याचं नाव आधी, मग नोंदीचं शीर्षक, मग विश्वकोश आणि खंड. श्रेय ज्याचं त्याला मिळालं पाहिजे.

निबंध इंग्रजी पत्रिकेसाठी असेल, तर मराठी पुस्तकाचं शीर्षक रोमन लिपीत लिहून पुढे चौकटी कंसात त्याचा इंग्रजी अर्थ द्यायचा, अशी बहुतेकांची पद्धत आहे. शीर्षकाच्या जागी नुसतं भाषांतर ठेवू नका. त्या भाषांतरित नावाचं पुस्तक कुठल्याच कपाटात नसतं. निबंध मराठी असेल, तर मराठी नोंदी अकारविल्हे आणि इंग्रजी नोंदी त्यानंतर वेगळ्या, हे सोयीचं पडतं.

हातात धरलं ते लिहा

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. शिरढोण इथून फार लांब नाही. वासुदेव बळवंत फडके १८४५ साली तिथे जन्मले, त्यामुळे आपल्या भागातले अनेक विद्यार्थी त्यांच्यावर लिहितात. फडक्यांविषयीची सरकारी कागदपत्रं मुंबई सरकारने १९५७ साली छापलेल्या 'सोर्स मटेरियल फॉर अ हिस्टरी ऑफ द फ्रीडम मूव्हमेंट इन इंडिया' या मालेच्या पहिल्या खंडात आहेत. तुम्ही तो छापील खंड वाचलात, तर नोंद त्या खंडाची आणि त्याच्या पानाची करा. मुंबईला राज्य पुराभिलेखागारात जाऊन मूळ कागद पाहिलात, तर खात्याचं नाव, साल, दप्तराचा किंवा खंडाचा क्रमांक आणि पान द्या. आणि तो खंडही न बघता एखाद्या चरित्रातलं अवतरण घेतलंत, तर सरळ लिहा: 'अमुक कागद, तमुक चरित्रात उद्धृत'. यात कमीपणा काहीच नाही. तुम्ही कुठवर गेला होतात हे वाचकाला कळतं, आणि चरित्रकाराची चूक असेल तर ती तुमच्या अंगावर येत नाही.

मी गॅझेटियरच्या वेळी हे केलं नाही. मधला लेख गाळून थेट मूळ ग्रंथाचं नाव ठोकून दिलं, म्हणजे न वाचलेलं वाचलं असं म्हणालो. समीक्षकांनी फार सौम्य शब्दांत विचारलं, पण त्याचा अर्थ तोच होता. त्या रात्री झोप लागली नव्हती, हे कबूल करतो.

आज हा धोका वाढला आहे. चॅटजीपीटीसारख्या साधनाला संदर्भ मागितले तर ते लेखक, साल, पत्रिका, पानं असं सगळं नीटनेटकं देतं, आणि पुष्कळदा तसा निबंध अस्तित्वातच नसतो. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी अशा यंत्राने दिलेले सहा खटले न्यायालयात दाखल केले. एकही खरा नव्हता. न्यायाधीशांनी पाच हजार डॉलर दंड केला. त्या खटल्यांची मांडणी मात्र अगदी खऱ्यासारखी होती, हे विसरू नका. मांडणी बिनचूक असली म्हणजे संदर्भ खरा असतो, असं नाही.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्याविषयीचे २०१८ चे नियम आहेत. प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. दहा ते चाळीसला ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, दुरुस्त करून द्यायचा. चाळीस ते साठला एक वर्ष प्रबंध सादर करता येत नाही. साठच्या वर नोंदणी रद्द. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळतात. म्हणजे नीट दिलेला संदर्भ तुमचं संरक्षणही करतो. फक्त टक्क्यांच्या मागे लागून शब्द फिरवत बसू नका. दुसऱ्याची कल्पना आपल्या शब्दांत मांडली तरी तिचा पत्ता द्यावाच लागतो.

प्रत्यक्षात काय करायचं?

पुस्तक हातात येताच पहिल्या पाचच मिनिटांत नोंद करा. शीर्षकपान आणि त्याच्या मागचं पान, दोन्हींचा मोबाइलवर फोटो काढा. आवृत्ती, पुनर्मुद्रण, साल हे मागच्या पानावर असतं. पहिली आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत गोंधळ करू नका. पानांचे आकडे बदललेले असू शकतात.

झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर २००६ पासून आहे, ते जरूर वापरा. नोंद एकदा भरली की शैली बदलणं त्याच्यावर सोपवता येतं. एका पत्रिकेने निबंध नाकारला आणि दुसरीकडे पाठवायचा झाला, की याची किंमत कळते. पण त्यात भरलेली प्रत्येक नोंद डोळ्यांनी तपासा. संतांची नावं आणि संस्थांची नावं भरताना नावाचा एकच रकाना निवडा, म्हणजे 'महाराज, ज्ञा.' होणार नाही.

निबंधाला डी.ओ.आय. क्रमांक असेल तर तो द्या. तो दहाच्या आकड्याने सुरू होतो. संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी हा क्रमांक वाचकाला योग्य जागी नेतो. पाठवण्यापूर्वी प्रत्येक क्रमांक एकदा उघडून बघा.

आणि शेवटी निबंधाची छापील प्रत आणि दोन रंगांची पेनं घेऊन बसा. मजकुरातल्या प्रत्येक उल्लेखासाठी सूचीतल्या नोंदीवर खूण करा. शेवटी खूण नसलेल्या नोंदी सूचीतून काढा, आणि नोंद नसलेले उल्लेख शोधून पूर्ण करा. मजकुरात १९४१ आणि सूचीत १९१४, असली अदलाबदल याच वेळी सापडते.

एक श्रोता: सर, गॅझेटियरचा मजकूर आता इंटरनेटवर आहे. तिथे पानाचे आकडे नसतील तर?

चांगला प्रश्न. पानांची छायाचित्रं उपलब्ध असतील तर त्यावरून छापील पान घ्या. नुसता टंकलेला मजकूर असेल तर प्रकरण आणि उपशीर्षक द्या, आणि आपण संकेतस्थळावरची प्रत पाहिली हे स्पष्ट लिहा. नसलेलं पान अंदाजाने लिहू नका.

एक विद्यार्थिनी: आजीने सांगितलेली बंदराची आठवण निबंधात वापरली, तर तिचा संदर्भ कसा द्यायचा?

हे फार छान विचारलंत. मुलाखत म्हणून द्यायचा: आजींचं नाव, गाव, तारीख, आणि मुलाखत कोणी घेतली. पण आधी आजींची परवानगी घ्या, नाव छापू का, हे विचारा. ध्वनिमुद्रण करून जपून ठेवा. गॅझेटियर कुठल्या ना कुठल्या ग्रंथालयात मिळेल. आजींच्या आठवणीचा पत्ता मात्र तुमच्या निबंधाशिवाय दुसरीकडे कुठेही नाही, तेव्हा तो सर्वांत काळजीने लिहा.

माझा तो निबंध पुढे छापून आला. तळटिपेत 'ठाणे, खंड १४, १८८२' आहे. समीक्षक कोण होते ते मला आजवर कळलं नाही, पण संदर्भ लिहायला बसलो की त्यांचा प्रश्न आठवतो: आपण नेमकं काय वाचलंत? तुम्हीही प्रत्येक नोंदीपाशी तो स्वतःला विचारा.

इथेच थांबतो.